कावळा शिवण्याआधी

काकांच्या दहाव्याला संगम माहुलीच्या घाटावर आम्ही चाळीसएक माणसं उभी होतो. दर्भावर पिंड मांडलेले, शेजारी पत्रावळीवर भात, भरली वांगी, आणि काकांची सवय म्हणून तंबाखूची पुडीसुद्धा. पलीकडच्या झाडावर दहा-बारा कावळे बसले होते. एकही खाली येईना. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मग थोरला चुलतभाऊ हात जोडून पुढे झाला. "दादा, आईला अंतर देणार नाही." कावळे जागचे हलले नाहीत. धाकटा म्हणाला, "वरच्या रानाचं तुमच्या मनासारखं करू." तरी नाही. नातीच्या लग्नाचं बोलून झालं, विहिरीच्या वाट्याचं झालं, पंधरा वर्षं बोलणं बंद असलेल्या एका भाच्याला पुढे ढकलून झालं. पाऊण तासाने गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला आणि मंडळी हातपाय धुवायला निघाली.

काका चार वर्षं आजारी होते. त्यातले शेवटचे अकरा दिवस अतिदक्षता विभागात गेले. त्या चार वर्षांत, ते शुद्धीवर असताना, बोलत असताना, अंगणातल्या खुर्चीत बसून पेपर वाचत असताना, "तुमच्या मनात काय आहे?" असं त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही. माणसाची शेवटची इच्छा विचारायची रीत आपल्याकडे आहे, आणि चांगली रुजलेली आहे. फक्त आपण ती दहाव्या दिवशी पाळतो, आणि विचारतो कावळ्याला.

कावळ्याची टिंगल करायची म्हणून हे लिहीत नाही. घाटावरच्या त्या पाऊण तासात आमच्या घरातली माणसं जितकं खरं बोलली तितकं चार वर्षांत बोलली नव्हती. माझं म्हणणं एवढंच, की हे बोलणं माणूस असताना व्हायला हवं, त्याची वेळ आणि जागा ठरलेली हवी, आणि ती ठरवण्याचं काम एकेका घराच्या धाडसावर सोडून भागणार नाही. डॉक्टर, बँक, ग्रामपंचायत, ज्येष्ठ नागरिक संघ या सगळ्यांनी त्यात उतरायला हवं. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रातली जवळपास दहा टक्के माणसं साठीच्या पुढची होती. आता त्याहून जास्त असणार, हे सांगायला आकडेवारी नको, कुठल्याही गावात दुपारी चक्कर मारली की दिसतं. त्यांच्यासाठी सहली निघतात, हास्यक्लब चालतात, गुडघ्यांची शिबिरं होतात. जे प्रत्येकाला नक्की येणार आहे त्याचं शिबिर मात्र मी कुठे पाहिलेलं नाही.

विषय काढला की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. म्हातारं माणूस म्हणतं, "मी गेल्यावर ती कपाटाची किल्ली..." आणि आपण मध्येच तोडतो. "काहीतरीच काय बोलतेस! वास्तू तथास्तु म्हणते." वाक्य तिथेच लटकतं आणि किल्लीचं राहूनच जातं. वर आपण हे प्रेमाने केलं असं समजतो. खरं तर भीती आपली असते, म्हातारं माणूस बहुधा आपल्यापुढे गेलेलं असतं. "चालताबोलता न्यावं", "कुणाला माझं करायला लागू नये", "लोळागोळा होऊन पडायला नको" ही वाक्यं प्रत्येक घरात रोज ऐकू येतात. ती आपण कुरकुर म्हणून कानाआड करतो. नीट ऐकली तर त्या सूचना आहेत.

माझ्या आजीला शिबिराची गरज नव्हती. तिच्या ट्रंकेत तळाशी एक कोरं लुगडं घडी करून ठेवलेलं होतं, त्यात खर्चाचे पैसे रुमालात बांधून. देवघरात काशीहून आणलेला गंगेचा गडू होता, तोंडाला डाक लावून बंद केलेला. दर दिवाळीला तो चिंचेने घासताना ती आम्हा पोरांना सांगायची, हा माझा. १९८७ साली ती गेली ती माजघरात, सारवलेल्या जमिनीवर घोंगडी टाकून. वडिलांनी पकडीने गडूचा डाक तोडला, तुळशीच्या पानाने दोन थेंब तोंडात घातले, मोठ्या आत्याने नामस्मरण चालू ठेवलं. काय करायचं ते घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, कारण आजीने ते वीस वर्षं सांगितलं होतं. त्या जुन्या काळाचे गोडवे मी गाणार नाही. तिला शेवटचे दोन महिने पोटात असह्य दुखायचं आणि त्यावर तिला मिळालं ते ओव्याचं पाणी. पण तिची तयारी झालेली होती, हे नाकारता येत नाही.

मधल्या काळात मरण घरातून दवाखान्यात गेलं, तयारी मात्र घरातच राहिली. काकूच्या पर्समध्ये गंगाजलाची छोटी प्लास्टिकची बाटली अकरा दिवस होती. अतिदक्षता विभागात संध्याकाळी पाच ते सव्वापाच एकाला सोडायचे. दहाव्या दिवशी तिने बाटली बाहेर काढली तेव्हा सिस्टर चांगल्या शब्दांत म्हणाली, "काकू, तोंडात नळी आहे हो. कुठून घालणार?" काकू बाटली घेऊन परत बाहेरच्या बाकावर येऊन बसली.

ती नळी घालायचा निर्णय रात्री दोन वाजता झाला होता. ड्युटीवरचे डॉक्टर बाहेर आले, श्वास कमी पडतोय, व्हेंटिलेटर लावायचा का सांगा, इथे सही करा. धाकट्याला आठवलं की दादा एकदा म्हणाले होते, मला यंत्रांवर ठेवू नका. थोरल्याला असं काही आठवत नव्हतं. नाही म्हणावं तर उद्या गाव म्हणणार, पैशाकडे बघितलं. सही झाली. डॉक्टरांचं काय चुकलं? त्यांच्यासमोर एक गुदमरणारा माणूस होता आणि त्याची इच्छा सांगणारा कागद नव्हता. असा कागद करता येतो, हे आमच्या पदवीधर घरात कुणाला माहीत नव्हतं.

या कागदाचा इतिहास महाराष्ट्राशी घट्ट बांधलेला आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये रुग्णालयातच हल्ला झाला. त्यानंतर ४२ वर्षं त्या तिथल्याच एका खोलीत, भान हरपलेल्या अवस्थेत होत्या. त्यांचं अन्न थांबवावं अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली. त्यांना वर्षानुवर्षं जपणाऱ्या केईएमच्या परिचारिकांनी कडाडून विरोध केला. मार्च २०११ मध्ये न्यायालयाने याचिका फेटाळली, पण कृत्रिम आधार काढून घेण्याचं दार उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली किलकिलं केलं. शानबाग १८ मे २०१५ रोजी न्युमोनियाने गेल्या. त्या प्रकरणात सगळे तळमळीने बोलले. जिच्याबद्दल बोलत होते तिला मात्र विचारायची सोय उरली नव्हती.

९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि सज्ञान माणसाला शुद्धीत असताना आपली वैद्यकीय इच्छा आगाऊ लिहून ठेवायची परवानगी दिली. लोक याला लिव्हिंग विल म्हणतात. सुरुवातीची प्रक्रिया इतकी किचकट होती, न्यायदंडाधिकाऱ्यांच्या सहीपर्यंत, की कुणी त्या वाटेला फारसं गेलं नाही. जानेवारी २०२३ मध्ये ती सोपी झाली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसा आहे. आपल्या वतीने बोलायला एक किंवा जास्त माणसांची नावं घालता येतात. केव्हाही कागद बदलता येतो, रद्द करता येतो. अमलात आणायची वेळ आली की रुग्णालयाचं तीन डॉक्टरांचं मंडळ बघतं, मग दुसरं मंडळ बघतं, ज्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर असतो. त्यांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं आणि दंडाधिकाऱ्याला कळवायचं. म्हणजे कुणा लोभी पोराने कागद नाचवला आणि नळी काढली, असं होऊ शकत नाही.

कागदाची एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे ठेवायची असते. असा अधिकारीच नेमलेला नाही म्हणून मुंबईचे डॉ. निखिल दातार यांना उच्च न्यायालयात जावं लागलं, तेव्हा कुठे नेमणुका झाल्या. कागदावर झाल्या, असं मी मुद्दाम म्हणते. माझा स्वतःचा कागद घेऊन मी आमच्या शहराच्या पालिकेत गेले तर खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "जन्म की मृत्यू?" मी म्हटलं, मृत्यूच, पण अजून झालेला नाही. त्यांनी वरच्या मजल्यावर पाठवलं, वरच्यांनी आरोग्य विभागात, आरोग्य विभागाने विधी विभागात. सगळे सौजन्याने वागले, एका साहेबांनी तर चहा पाजला आणि वाचायला म्हणून एक कोरा नमुना मागून घेतला. तिसऱ्या खेपेला आवक शिक्का मिळाला. मी चालतीफिरती, पन्नाशीतली, दुचाकीवरून तीन चकरा मारू शकणारी बाई आहे. ब्याऐंशी वर्षांच्या माणसाने काय करायचं? हयातीचा दाखला आज घरबसल्या मोबाइलवरून देता येतो. जिवंत असल्याचा पुरावा इतका सोपा करणाऱ्या व्यवस्थेला हा कागदही दारात जाऊन घेता येईल.

यात एका शब्दाने फार घोळ घातला आहे, तो म्हणजे इच्छामरण. वर्तमानपत्रं सगळ्यालाच इच्छामरण म्हणतात. गिरगावातल्या एका वृद्ध जोडप्याने काही वर्षांपूर्वी राष्ट्रपतींकडे मरणाची परवानगी मागितली होती, धडधाकट असताना. तेही इच्छामरण. पवनारच्या आश्रमात नोव्हेंबर १९८२ मध्ये विनोबांनी अन्न, पाणी, औषध बंद केलं, तेही इच्छामरण. जैनांचा संथारा, म्हणजे अन्नपाणी सोडून मरण स्वीकारण्याचं व्रत, जो राजस्थान उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये गुन्हा ठरवला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली, तोही त्यातच. आणि आता हा कागदही. त्यामुळे आईवडिलांपुढे विषय काढला की त्यांना वाटतं, इंजेक्शन द्यायचं म्हणताहेत. इंजेक्शन देऊन मारणं हा आपल्याकडे गुन्हाच आहे आणि हा कागद त्याबद्दल काहीही म्हणत नाही. तो म्हणतो, बरं होण्याची आशा संपली असेल तर माझं मरण लांबवू नका.

लांबवू नका याचा अर्थ सोडून द्या असाही नाही, आणि माझी खरी तक्रार इथे आहे. आपल्याकडे दोनच टोकं माहीत आहेत. एक तर सगळ्या नळ्या, नाहीतर 'स्वतःच्या जबाबदारीवर' सही करून घरी. घरी आणलेला माणूस कण्हत जातो, कारण वेदना थांबवणारं औषध गावात कुणाकडे नसतं. मधली वाट आहे, आजार बरा होणार नसला तरी वेदना आणि त्रास कमी करत राहायची. तिला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात, आपण परिहार सेवा म्हणू. वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून आणि पुण्याचं वारज्यातलं सिप्लाचं केंद्र १९९७ पासून हे काम करतं. मॉर्फिन हे तीव्र वेदना थांबवणारं औषध अफूपासून होतं. त्यावरचा कायदा २०१४ मध्ये सैल केला, तरी जिल्ह्याच्या गावातसुद्धा ते मिळवणं दिव्य आहे. आणि अफू पिकवणारा देश कोण, तर आपणच. केरळने २००८ मध्ये परिहार सेवेचं धोरण आणलं, पंचायतीतली नर्स आणि शेजारचे स्वयंसेवक घरी जाऊन जखमा धुतात, औषध देतात, बसून बोलतात. आपल्याकडे आशाताई गावागावात आहेत. बाळंतपणाची तारीख त्यांना तोंडपाठ असते. अंथरुणाला खिळलेल्यांची यादी त्यांच्याकडे का असू नये? अर्थात वेगळा मोबदला देऊन, नाहीतर आणखी एक बोजा त्यांच्याच डोक्यावर.

आता आक्षेप. सर्वांत मोठा आणि सर्वांत खरा आक्षेप असा, की म्हातारपणी आईबापांपुढे हा विषय मांडणं म्हणजे 'आता आटपा' असं सुचवणं. माझ्या परिचयाच्या एका बाईंच्या मुलाने मृत्युपत्राचा मसुदाच आणून पुढे ठेवला, वकिलासकट. त्या बाई आजही मुलाच्या हातचा चहा घेत नाहीत. त्यांची भीती मला मूर्खपणाची वाटत नाही. ताट द्यावं पण बसता पाट देऊ नये, ही म्हण उगीच झालेली नाही. म्हणून मी क्रम उलटा करते. जमिनीचं सगळ्यात शेवटी. आधी शरीराचं विचारा, मग मनाचं. ज्याने आधी "तुला दुखलं तर काय करू?" असं विचारलं आहे, त्यालाच पुढे "घराचं काय ठरवलंयस?" असं विचारायचा हक्क पोचतो. आणि म्हाताऱ्यांना माझं सांगणं, हयातीत बक्षीसपत्र करून मोकळं होऊ नका. देखभालीच्या अटीवर दिलेली मालमत्ता परत मिळवायची तरतूद २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात आहे, पण त्यासाठी पोटच्या मुलाविरुद्ध प्रांताच्या कचेरीत उभं राहावं लागतं. मृत्युपत्र करा. साधा कागद, दोन साक्षीदार. मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे, केलेली बरी. मन बदललं तर फाडून दुसरं करा. शेवटच्या श्वासापर्यंत पाट तुमचाच.

मृत्युपत्र नसलं की काय होतं ते तलाठ्याला विचारा. वारसनोंद तीन महिन्यांत कळवावी असा नियम आहे, आणि पणजोबांच्या नावावरची शेतं आहेत. इतकी, की २०२५ मध्ये सरकारला त्यासाठी राज्यभर मोहीम काढावी लागली. तिचं नाव 'जिवंत सातबारा'. मेलेल्यांची नावं काढायच्या मोहिमेला हे नाव सुचणाऱ्या माणसाला माझा नमस्कार. बँकेतलंही तसंच. नॉमिनी लावला म्हणजे झालं, असा समज पक्का आहे. नॉमिनी फक्त पैसे ताब्यात घेणारा, मालक वारसच. शेअरच्या बाबतीतही हेच, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलं. बँकेच्या काउंटरवर ठेव करताना हे एक वाक्य सांगायला कारकुनाला किती वेळ लागेल?

मागे राहणाऱ्यांचा विषय निघाला की सगळे पैशावर येतात. पण पुरुषाने मागे ठेवायची एक गोष्ट पैशाहून मोठी आहे. काका गेले त्या सकाळी काकूच्या बांगड्या फोडायला शेजारच्या दोघी पुढे झाल्या. थोरला अडवेना, त्याला वाटलं आईला तेच हवं असेल. तिला काय हवं होतं ते आम्ही दुसऱ्या दिवशी विचारलं, फोडून झाल्यावर. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्याच महिन्यात सरकारने बाकीच्या गावांना त्याचं अनुकरण करायला सांगितलं. ठराव झाले. पण दारात मयत पडलेलं असताना ग्रामसभेचा ठराव कुणी वाचून दाखवत नाही. त्या वेळी चालतो तो गेलेल्या माणसाचा शब्द. "माझ्या बायकोच्या अंगावरचं काहीही काढायचं नाही" एवढी एक ओळ काकांच्या अक्षरात असती तर त्या दोघी मागे सरल्या असत्या, याची मला खात्री आहे.

क्रियाकर्माचंही असंच. सुधारक मुलं आईचा दहावा टाळतात आणि त्या पैशात शाळेला पुस्तकं देतात. आईची श्रद्धा पिंडावर होती का पुस्तकांवर? उलटही पाहिलं आहे, जन्मभर देव न मानणाऱ्या गृहस्थांना तेराव्यापर्यंत यथासांग घुमवलं. मरणानंतर काही आहे की नाही, मला माहीत नाही, आणि माझं मत इथे गैरलागू आहे. तिथे जो निघाला आहे त्याचा नकाशा चालणार. देहदान करायचं असेल तर तेही बोललेलं हवं, कारण अर्ज भरलेला असला तरी शेवटी फोन करायचा तो नातेवाइकांनीच. डोळ्यांना तर सहा तासांचीच मुदत. रडण्याच्या भरात ते तास निघून जातात.

आणि 'पुढे काय' हा प्रश्न म्हाताऱ्या माणसांना आपण समजतो त्याहून जास्त छळत असतो किंवा रिझवत असतो. माझी आई त्याच्याबद्दल तासन्‌तास बोलू शकते, हे मला तिच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी कळलं, काकांच्या दहाव्यानंतर. तिला नरकाबिरकाची भीती नाही. तिला वाटतं तिकडे गर्दी फार असेल आणि बाबा सापडायचे नाहीत. यावर काय बोलावं मला सुचलं नाही. मी फक्त विचारलं, कुठे थांबतील ते? म्हणाली, स्टॅंडवर, कंट्रोल केबिनपाशी, नेहमीसारखे.

त्या दुपारी आम्ही शंभर पानी वही घेतली. एका बैठकीत झालं नाही, पाच-सहा दुपारी लागल्या. नळ्या नकोत. दुखलं तर मात्र औषध भरपूर द्या, मी सोसणारी बाई नाही. शक्यतो घरी. गंगा आधी, मग डॉक्टर. डोळे द्या, बाकीचं जाळा. दहावा करा, कारण मला चालतो. कावळा नाही आला तर उन्हात ताटकळू नका, म्हणावं तिचं सगळं सांगून झालंय. यातलं वैद्यकीय तेवढं आम्ही वेगळ्या कागदावर उतरवलं, नोटरी घरी आला, साक्षीला शेजारचे देसाई आणि माझी मैत्रीण.

साडीची नोंद वहीत तीनदा खोडली आहे. आधी पैठणी होती, मग ती नातीला द्यायची ठरली. नंतर हिरवं इरकल लिहिलं, तर मागच्या महिन्यात ती तेच नेसून एका मुंजीला गेली आणि फार बरं दिसलं असं चौघींनी सांगितलं. आता ते ठेवून देववत नाही म्हणते. ती ओळ सध्या कोरीच आहे.